वस्तीवार सेवागट

ख्रिस्ती मंडळीतल्या कुटुंबांचे, ती राहतात त्या वस्त्यांप्रमाणे, लहान गट पाडून प्रार्थना, भेटीगाठी आणि अडीनडीची विचारपूस गटातल्याच माणसांवर सोपवण्याची पद्धत. कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशांत) यांना ‘छोटे ख्रिस्ती समूह’ म्हणतात. इतर मंडळ्यांत नुसते ‘घरप्रार्थना’ किंवा ‘कॉटेज मीटिंग’.

कामाची वाटणी तशी जुनीच. दिवसभर एकट्याने निवाडे करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो दहा-दहा, पन्नास-पन्नास माणसांवर नायक नेमायला सांगतो (बायबल, निर्गम 18). आजच्या गटांचे जवळचे मूळ मात्र 1742 मध्ये ब्रिस्टल येथे सापडते, आणि ते पैशाच्या अडचणीत आहे. प्रार्थनामंदिराचे कर्ज फेडायला मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अनुयायांनी साधारण बारा-बारा जणांचे गट केले; प्रमुखाने दारोदार जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायची. पेनी मागायला गेलेल्यांना कुठे नवराबायकोचे भांडण दिसले, कुठे दारू. वसुलीची फेरी हळूहळू आत्मिक देखरेखीची झाली. कॅथलिकांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या, सेवाकार्याला मोठे बळ दिले. त्याचा आग्रह रोममध्ये 1835 पासून धरणारे धर्मगुरू व्हिन्सेंट पॅलोटी नागपूरकरांना ठाऊक आहेत, ते बहुधा इंजिनिअरिंग कॉलेजच्या नावामुळे.

नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये आले. शहरातली दोन्ही कॅथीड्रल (बिशपची मुख्य चर्च) सदर भागात आहेत. त्यांपैकी ऑल सेंट्समध्ये 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कुटुंबे मात्र अजनी, जरीपटका, मनीषनगर, हिंगणा रोड अशी पांगली. रविवारच्या उपासनेनंतर फाटकाशी झालेल्या ‘जय ख्रिस्त’वरून कोणाच्या घरी काय चालले आहे ते कळत नाही. गटाची गरज इथे पडते.

बैठक आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, आळीपाळीने घरोघर होते. मे महिन्यात ती गच्चीवर नेलेली बरी. खोलीत कूलरच्या आवाजापुढे वचन ऐकू येत नाही. सतरंजी, एक-दोन भजने, शास्त्रवाचन, त्यावर ज्याला जे सुचेल ते. खरे काम नंतर, गटप्रमुखाची वही उघडल्यावर होते : मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) कोण भरती आहे, डबा कोण नेणार, कोणाची नोकरी सुटली, कोण तीन आठवडे दिसले नाही. गडचिरोली, छिंदवाड्याहून उपचाराला आलेले नातलगही या वहीत शिरतात.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन गटाच्या हाती नसते. तरीही काही गटप्रमुख छोटे पाळकच होऊन बसतात. त्याहून बारीक, पण जास्त बोचणारी अडचण खाण्याची आहे. एकीने पोहे केले की दुसरी समोसे आणते, आणि हातावर पोट असलेले घर आपली पाळी टाळू लागते. म्हणून ‘फक्त चहा’ हा नियम पहिल्याच बैठकीत करून घेतलेला बरा. गट फार वाढला तर त्याचे दोन करायचे असतात, पण सवयीची गच्ची कोणालाच सोडवत नाही.