हद्द नक्की कुठाय? कुंपण घालायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा भांडण होऊन गेलेलं असतं. कुंपणाचे खड्डे खणून झालेले असतात, शेजारचे येऊन "हे आमच्यात येतंय" म्हणून गेलेले असतात, दोन्हीकडून आवाज चढलेला असतो आणि मग कोणीतरी म्हणतं सर्वेअर बोलवा. आम्ही येतो, मोजतो, पॉइंट दाखवतो, पण तोवर रेष कुठे आहे यात कोणाला फारसा रस राहिलेला नसतो, दोघांनाही आपलंच बरोबर होतं एवढंच ऐकायचं असतं. फार वाईट वाटतं, कारण तेच काम दोन महिने आधी झालं असतं तर एका दिवसात सगळं गोडीत मिटलं असतं. म्हणून हे पत्रक. कुंपण, भिंत, शेड, पाइपलाइन, काहीही मनात आलं की आधी हे वाचा आणि जमलं तर शेजाऱ्यांनाही द्या.

कुंपण म्हणजे हद्द नाही

हे आम्ही रोज सांगतो तरी पुन्हा सांगतो. कुंपण घालणारा माणूस सोय बघतो, मधे खडक लागला की वळसा घालतो, मोठं झाड असलं की तार त्यालाच ठोकतो, आणि कित्येक जण तर मुद्दाम आपल्याच जागेत हातभर आत घालतात म्हणजे उद्या दुरुस्ती करायची झाली तर दुसऱ्याच्या जागेत पाय टाकायला नको. नंतर जागा विकली जाते, नवा मालक येतो, त्याला हे काही माहीत नसतं आणि तो तारेलाच हद्द समजतो. त्यामुळे "चाळीस वर्षं तार इथेच आहे" या वाक्यातून तार कुठे आहे तेवढंच कळतं. पण ते वाक्य अगदीच फुकट जात नाही बरं का, वहिवाटीच्या बाबतीत त्याला वजन असतं, ते पुढे सांगतो.

मग हद्द असते कुठे? कागदात आणि जमिनीतल्या खुणांत, आणि दोन्हीचा मेळ बसवावा लागतो. तुमचं खरेदीखत, त्यातली चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते, प्लॉट पाडल्याचा मंजूर नकाशा, सरकारी रेकॉर्डमधला जमिनीचा नकाशा हे सगळं काढा. आणि एक कागद जो कोणीच आणत नाही तो म्हणजे शेजाऱ्याचं खरेदीखत. तुमच्या कागदात जी रेष आहे तीच त्यांच्या कागदात दुसऱ्या बाजूने लिहिलेली असते, आणि निम्म्या वादांचं उत्तर तिथेच सापडतं असा आमचा अनुभव आहे.

एक उदाहरण देतो, कारण हे फार वेळा होतं. एक जागा, समोरची बाजू कागदावर ४० मीटर. दोन भाग केले, २०-२० मीटर लिहून दोघांना विकले. आता प्रत्यक्ष मोजलं तर खुणेपासून खुणेपर्यंत ३९.४० मीटरच भरते. दोघंही आपापल्या टोकाकडून २० मीटर टेप लावतात आणि मधे ६० सेंटीमीटरचा पट्टा दोघांचाही होतो! कोणीच खोटं बोलत नाहीये. इथे बऱ्याच देशांतला सर्वसाधारण नियम असा की भाग वेगवेगळ्या वेळी विकले असतील तर आधी विकत घेणाऱ्याला पूर्ण माप मिळतं आणि तूट नंतरच्याला सोसावी लागते, कारण मालकाकडे जे उरलंच नव्हतं ते तो विकणार कुठून. पण एकाच नकाशाने एकाच वेळी प्लॉट पाडले असतील तर तूट सगळ्यांत प्रमाणात वाटतात. म्हणजे खरेदीखतावरची तारीखसुद्धा मोजमापाइतकीच महत्त्वाची. कागद आणताना नुसती पहिली दोन पानं आणू नका, सगळा दस्त आणा, जुने दस्तही आणा.

आकडा आणि दगड यांत दगड मोठा

लोकांना वाटतं की क्षेत्रफळ लिहिलंय तेवढं भरलं पाहिजे. "माझ्या कागदावर ५०० चौरस मीटर आहे, भरतंय ४८८, म्हणजे १२ मीटर शेजाऱ्याने खाल्ले." असं होत नाही हो. हद्दीचा वाद सोडवताना अनेक देशांतली कोर्टं पुराव्याचा साधारण एक क्रम धरतात, सगळ्यात वर नैसर्गिक खुणा म्हणजे नदी, ओढा, मोठा खडक, मग माणसाने मुद्दाम रोवलेले दगड किंवा लोखंडी सळया, मग शेजारच्या जागेची पक्की हद्द, मग दिशा आणि लांबी, आणि सगळ्यात शेवटी क्षेत्रफळ. का? कारण रोवलेला दगड त्या वेळच्या दोन्ही मालकांनी बघितलेला असतो, लांबी मोजताना चूक होऊ शकते, आणि क्षेत्रफळ तर त्या चुकलेल्या लांबीवरून कागदावर काढलेलं असतं. चूक चुकीवर चढते.

म्हणून कोपऱ्यातला जुना दगड सापडला तर त्याला हातही लावू नका. वाकडा झाला असला तरी सरळ करू नका, फोटो काढा आणि आम्हाला कळवा. हद्दीची खूण हलवणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे, पण त्याहून वाईट म्हणजे एकदा हलली की तिच्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही, तुम्हीसुद्धा. दगड वरून दिसत नसेल तरी आशा सोडू नका, बरेचदा तो मातीखाली गेलेला असतो, सळई असेल तर मेटल डिटेक्टरने सापडते. जुन्या काळी रोमन लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा, राख, फुटकी खापरं पुरून ठेवायचे, कोळसा कुजत नाही म्हणून, म्हणजे दगड कोणी उपटला तरी खालची निशाणी राहते. आम्हीसुद्धा दगड नसला तरी खालच्या मातीचा रंग बदललाय का ते बघत हळूहळू खणतो. जेसीबीने एका झटक्यात कोपरा साफ केला की हा सगळा पुरावा गेला, हे मात्र कळकळीने सांगतोय, मोजणी होईपर्यंत कोपऱ्यांवर मशीन नको.

नदी-ओढ्याची हद्द असेल तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. पाणी वर्षानुवर्षं हळूहळू सरकलं तर हद्दही त्याच्याबरोबर सरकते असं साधारण मानतात, पण एखाद्या पुरात नदीने एकदम पात्र बदललं तर हद्द जुन्या जागीच राहते. अमेरिका आणि मेक्सिकोमध्ये रिओ ग्रांदे नदी सरकल्यामुळे असाच एक वाद सुमारे शंभर वर्षं चालला आणि १९६३ च्या करारात मिटला. दोन देशांना एवढा वेळ लागतो तर तुमच्या ओढ्याचे फोटो दरवर्षी काढून ठेवायला काय हरकत आहे.

जुने आकडे नवीन टेपला का जुळत नाहीत

जुन्या नकाशातली मापं साखळीने घेतलेली असायची. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जी साखळी चालू केली ती ६६ फुटांची, १०० कड्यांची, आणि जगभर कित्येक जमिनी तिनेच मोजल्या गेल्या. आता साखळी वापरून वापरून कड्या झिजल्या की ती लांब होते, लांब झालेल्या साखळीने मोजलं की आकडा कमी येतो, म्हणजे प्रत्यक्षात जागा कागदापेक्षा थोडी जास्त निघते. याच्या उलट उतारावर होतं. नकाशातलं अंतर आडवं असतं, आणि तुम्ही टेप उतारावरून जमिनीला टेकवून ओढली तर १० अंशांच्या उतारावर ३० मीटरला जवळजवळ ४६ सेंटीमीटरचा फरक पडतो. जुन्या मोजणाऱ्याने तो फरक काढला नसेल तर आजचं मशीन कमीच दाखवणार, त्यात शेजाऱ्याचा काय दोष?

दिशांचंही तसंच. होकायंत्राची सुई कायम एकाच दिशेला राहत नाही. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास ती खऱ्या उत्तरेच्या साधारण ११ अंश पूर्वेला होती आणि १८२० च्या आसपास जवळजवळ २४ अंश पश्चिमेला गेली होती. १०० मीटरच्या रेषेत एका अंशाची चूक म्हणजे टोकाला पावणेदोन मीटर. त्यामुळे जुन्या दस्तातले अंश वाचून कोणी मोबाईलच्या कंपासने रेष काढून देत असेल तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मॅपवर तुमच्या प्लॉटभोवती जी रेष दिसते ती सॅटेलाइट फोटोवर नंतर चढवलेली असते, फोटो आणि रेष एकमेकांवर तंतोतंत बसतीलच असं नाही. फोनच्या जीपीएसचं म्हणाल तर मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत इकडेतिकडे होतं, झाडाखाली किंवा भिंतीजवळ त्याहून जास्त. वाद आहे दोन फुटांचा, आणि पुरावा ५ मीटरच्या चुकीचा. आम्ही जे जीपीएस वापरतो त्यात दुसरं एक मशीन ठरलेल्या पॉइंटवर उभं असतं आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, मग एक-दोन सेंटीमीटरपर्यंत नेमकं येतं, आणि जिथे आकाश दिसत नाही तिथे टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं कोन आणि अंतर मोजणारं मशीन, लावतो. नकाशाच्या झेरॉक्सवर पट्टी लावून मोजणं हेही टाळा. १:१००० च्या नकाशात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १ मीटर, नुसती पेन्सिलची रेघच ३० सेंटीमीटर जाड झाली, आणि झेरॉक्स थोडी लहानमोठी येते, कागद दमटपणाने ताणतो, ते वेगळंच.

शेजाऱ्यांशी बोलायचं कसं

आमचं सगळ्यात ठाम मत इथे आहे. मोजणी ठरवायच्या आधी शेजाऱ्यांकडे जा. नोटीस नको, वकिलाचं पत्र नको, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेजही नको. स्वतः जा आणि "आम्हाला कुंपण घालायचंय, आधी मोजून घ्यावं म्हणतोय, तुमच्याकडचे कागद दाखवाल का, आणि त्या दिवशी तुम्हीपण थांबाल का" एवढंच बोला. शक्य असेल तर सर्वेअर दोघांनी मिळून नेमा आणि खर्च अर्धा-अर्धा करा. एकट्याने पैसे दिले की आम्ही कितीही प्रामाणिकपणे मोजलं तरी समोरच्याला वाटतं हा त्यांचा माणूस, मग ते दुसरा आणतात, दोघांच्या आकड्यांत पाच सेंटीमीटरचा फरक येतो आणि त्या पाच सेंटीमीटरवर पुढची पाच वर्षं जातात. आणि मशीन लावायच्या आधीच ठरवा की रेष कुठेही निघाली तरी पुढे काय करायचं, कारण निकाल कळल्यावर ठरवायला बसलं की कोणीच सरळ बोलत नाही.

आता वहिवाट. दुसऱ्याची जागा कोणी बरीच वर्षं उघडपणे, सलग, मालकाच्या परवानगीशिवाय स्वतःची म्हणून वापरत असेल तर पुढे तो तिच्यावर हक्क सांगू शकतो, याला ॲडव्हर्स पझेशन म्हणतात. मुदत देशाप्रमाणे बदलते, कुठे १०, कुठे १२, कुठे २० वर्षं, आणि अटीही वेगळ्या, त्यामुळे इथे वकिलाला विचाराच. पण यातला "परवानगीशिवाय" हा शब्द फार कामाचा आहे. शेजाऱ्यांची पायरी किंवा कुंड्या तुमच्या जागेत आल्यात आणि तुम्हाला त्याचा त्रास नाही, तर खुशाल राहू द्या, पण एका कागदावर लिहून घ्या की ही जागा तुमची आहे, ते परवानगीने वापरतायत आणि सांगितल्यावर मोकळी करतील. दोघांच्या सह्या, तारीख. संबंधही टिकतात आणि जागाही. अशा कागदाला लोक लाजतात, "आपल्यात कशाला कागद" म्हणतात, पण तुमची मुलं आणि त्यांची मुलं उद्या तिथे असतील, त्यांच्यात ते "आपल्यात" असेलच असं नाही ना.

मोजणीत भिंत एक फूट पलीकडे निघाली तर पाडायलाच हवी असं काही नाही. तेवढा पट्टा विकत घेता येतो, दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याशी अदलाबदल करता येते, किंवा भिंत आहे तोवर राहू दे आणि पुन्हा बांधताना खऱ्या हद्दीवर घ्यायची असंही लिहून ठेवता येतं. दोघांनी मिळून एखादी रेषच हद्द म्हणून मान्य केली तरी चालतं, फक्त ते नकाशासकट लिहा, सह्या करा आणि रीतसर नोंदणी करा. नुसतं तोंडी ठरलेलं नवा खरेदीदार मानेलच असं नाही. आणि जागेवर कर्ज असेल तर बँकेलाही आधी विचारा. इतकं करून जमलं नाही तर कोर्टाच्या आधी मध्यस्थ बघा, कारण कोर्ट सांगेल कोणाचं बरोबर, पण भिंत तशीच ठेवून पैशात मिटवायचं, गेट चार फूट सरकवायचं असे मार्ग समोरासमोर बसल्यावरच निघतात.

फांद्या, मुळं, पागोळ्यांचं पाणी याबद्दलचे नियम ठिकाणाप्रमाणे फार बदलतात, ते काम आल्यावर बोलू.

आम्ही येऊ त्या दिवशी एवढं करा. हद्दीवरची झुडपं आदल्या दिवशी कापून ठेवा पण कोपरे खणू नका, कुत्रं बांधून ठेवा, सगळे कागद मूळ प्रतीत बाहेर काढा, आणि आजूबाजूला कोणी जुनं जाणतं माणूस असेल ज्यांनी दगड रोवताना बघितलाय तर त्यांना खुर्ची टाकून बसवा, त्यांचं बोलणं आम्ही लिहून घेतो. पॉइंट रोवताना दोन्ही घरचे हजर पाहिजेत. प्रत्येक पॉइंटजवळ दोघांना उभं करून आम्ही फोटो काढतो, पक्क्या भिंतीपासून किंवा खांबापासून तीन अंतरं मोजून नकाशावर लिहितो, म्हणजे खूण उद्या हरवली तरी पुन्हा तिथेच बसवता येते. नकाशाच्या दोन प्रती निघतात, एक तुमची आणि एक शेजाऱ्यांची, दोन्ही सारख्याच.