ग्रीक मुळाचं नाव आणि ग्रीसमधलं नाव

बाळाच्या नावांच्या याद्यांत ‘ग्रीक नावं’ या एकाच मथळ्याखाली दोन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे ज्यांची व्युत्पत्ती ग्रीक आहे ती नावं, आणि दुसरी म्हणजे ग्रीसमधले आईबाप मुलांना खरोखर ठेवतात ती.

पहिली सगळ्यांच्या परिचयाची. आयरीन म्हणजे शांती, फिलिप म्हणजे घोड्यांची आवड असलेला. थिओडोर आणि डोरोथी या दोन्हींत ‘देव’ आणि ‘देणगी’ हेच शब्द, फक्त क्रम उलटा. वसई-गोव्यातले फिलिप, स्टीफन, आग्नेस, जॉर्जही याच गटातले; ते चर्चबरोबर आपल्याकडे आले. यावर याद्या भरपूर आहेत, म्हणून इथेच थांबू.

खरा घोळ दुसऱ्या गटात होतो. ग्रीसमध्ये मारिया, इओआनिस, कोन्स्तान्दीनोस ही नावं घरोघरी सापडतात. त्यातली पहिली दोन मुळात हिब्रू आणि तिसरं लॅटिन. म्हणजे व्युत्पत्तीची चाळणी लावली, तर ग्रीसमधली सगळ्यात रुळलेली नावंच गळून पडतात.

याचं कारण असं, की तिथे अर्थ शोधून नाव ठेवण्याची रीत नाही. परंपरेने पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव मिळतं, दुसऱ्याला बहुधा आईच्या वडिलांचं. मुलींना आज्यांची. काही बेटांवर पहिल्या मुलीला आधी आईच्या आईचं नाव जातं. साहजिकच एकाच आजोबांचे तीन नातू एकाच नावाचे निघतात, आणि मग हाकेची नावं वेगळी होतात: कोन्स्तान्दीनोसचा एक कोस्तास, दुसरा दिनोस. पानायोतिसचा पानोस किंवा ताकिस. याद्या कोस्तास आणि कोन्स्तान्दीनोस ही दोन स्वतंत्र नावं म्हणून छापतात आणि दोघांना वेगवेगळे अर्थही चिकटवतात. ही चूक सगळ्यात चीड आणणारी आहे. कागदपत्रांवर सहसा लांब रूप असतं, घरात आखूड; नाव एकच.

दुसरा धागा संतांचा. झाकिंथोस बेटावर दिओनिसिओस नावाचे पुरुष जागोजागी भेटतात. यादीत त्याचा अर्थ दिलेला असतो ‘मद्यदेव दिओनिसोसचा’. व्युत्पत्ती म्हणून ते बरोबर आहे, पण त्या मुलाचं नाव बेटाच्या रक्षक संतावरून आलेलं असतं आणि त्याचा सण 17 डिसेंबरला असतो. केर्किरावर (म्हणजे कॉर्फूवर) तसेच स्पिरिदोन, केफालोनियावर येरासिमोस. नाव ऐकून जाणकार माणूस बेटाचा अंदाज बांधतो. नावाच्या अर्थावरून तो कधीच बांधता येणार नाही.

संताचा दिवस हाच नावाचा दिवस, आणि मोठ्या माणसांचा तो अनेक घरांत वाढदिवसापेक्षा मोठा असतो. दिमित्रिसचा 26 ऑक्टोबर, निकोसचा 6 डिसेंबर, कोस्तास आणि एलेनी यांचा एकत्र 21 मे. योर्गोसचा 23 एप्रिल, पण ती तारीख ईस्टरपूर्व उपवासाच्या काळात आली तर सण ईस्टरनंतरच्या सोमवारी सरकतो. 2024 मध्ये तो 6 मे रोजी आला. ज्या नावाला संत नाही, उदाहरणार्थ पिनेलोपी किंवा ओदिसेआस, त्याची सोय बहुधा सर्वसंतांच्या रविवारी होते, ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी.

तेव्हा एखादं नाव ग्रीसमध्ये चालतं का हे पाहायचं असेल, तर अर्थाचा रकाना सोडा. त्याचा नावाचा दिवस कोणता आणि हाकेचं रूप कोणतं, हे विचारा.

उच्चारातला फरक किरकोळ: बेसिलचा वासिलिस, जॉर्जचा योर्गोस, हेलनची एलेनी. मात्र हाक मारताना पुरुषाच्या नावातला शेवटचा ‘स’ गळतो. समोरच्याला ‘योर्गो’, ‘कोस्ता’, ‘यानी’ (इओआनिसचं आखूड रूप यानिस, त्यावरून) अशीच हाक मारायची.