मोठा कपॅसिटर आणि वाढलेले हमिंग

हौसेने जोडलेल्या ॲम्प्लिफायरमधून हमिंग, म्हणजे सततची गुणगुण, येऊ लागले की बहुतेक जण एकच औषध सांगतात: फिल्टर कमी पडतो आहे, वीजपुरवठ्यातला विद्युतभार साठवणारा कपॅसिटर मोठा बसवा. मग २२०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो आणि पुष्कळदा आवाज कमी होण्याऐवजी अधिक बोचरा होतो. दोष कपॅसिटरचा नसतो. तो असतो पीसीबीवरच्या, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या छापील बोर्डावरच्या, सेंटिमीटरभर तांब्याच्या पट्टीचा.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळणाऱ्या किटांमधली सान्यो कंपनीची एलए४४४० ही ॲम्प्लिफायरची आयसी (चिप) मुळात मोटारीतल्या बॅटरीच्या दाबाला (व्होल्टेजला) साजेशी आहे. ती येणारा सिग्नल सुमारे ५० डेसिबलने, म्हणजे ३०० पटींहून अधिक वाढवते. घरी आपण तिला बॅटरीऐवजी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांच्यावर चालवतो, आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

रेक्टिफायर एसीचे डीसी करतो आणि कपॅसिटर त्यातले चढउतार भरून काढतो, एवढे आपण शाळेत शिकतो; परंतु कपॅसिटर स्वतः केव्हा भरतो, हे सहसा कोणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मरचा दाब कपॅसिटरच्या दाबापेक्षा वर चढतो तेवढ्याच क्षणी रेक्टिफायरमधले डायोड उघडतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे क्षण सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी येतात. गाणे बंद असतानाही आयसी सुमारे ०.१ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर १० मिलिसेकंदांत खर्च झालेला सगळा विद्युतभार जेमतेम दीड मिलिसेकंदात परत भरावा लागतो, आणि त्यासाठी प्रवाहाचा झटका १ अँपिअरच्या आसपास पोहोचतो. कपॅसिटर मोठा केला की दोन झटक्यांच्या मध्ये त्याचा दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे डायोड आणखी कमी वेळ उघडतात आणि तेवढाच भार भरण्यासाठी झटका आणखी उंच होतो.

आता ती पट्टी पाहू. पीसीबीवरचे तांबे साधारण ३५ मायक्रॉन जाड असते. त्याच्या २ मिलिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध सुमारे २.४ मिलिओहम भरतो. मल्टिमीटरला तो शून्यच दिसतो. पण इनपुटचा ग्राउंड (सिग्नलची परतीची वाट) आणि कपॅसिटर भरणारा प्रवाह हे दोघेही याच पट्टीवरून जात असतील, तर १ अँपिअरचा झटका तिच्यावर २.४ मिलिव्होल्ट उभे करतो, आयसीला तो गाण्याचाच भाग वाटतो आणि ३०० पटींनी वाढून तो स्पीकरवर पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. शिवाय अरुंद झटक्यात १०० हर्ट्झबरोबरच २००, ३००, ४०० अशा वरच्या वारंवारताही असतात. आपला कान १०० हर्ट्झपेक्षा त्यांनाच अधिक तीव्रतेने टिपतो, म्हणून हा आवाज घुमल्यासारखा न वाटता खरखरीत वाटतो.

शोध घेताना आधी व्हॉल्यूम फिरवून पाहावा. त्याबरोबर आवाज बदलला तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून येत आहे. गाणे वाजवणाऱ्या मोबाइलचा चार्जर काढताच आवाज थांबला, तर वाट चार्जरमधून जाते. या दोन्ही शक्यता नसतील, तर ट्रान्सफॉर्मर सोडवून, मध्ये फ्यूज घालून, १२ व्होल्टची बॅटरी जोडावी. तेवढ्याने शांतता झाली, तर संशय पुरवठ्याकडे वळतो आणि त्यातही ग्राउंडच्या मार्गाकडे.

उपाय सोल्डरिंगच्या एका बैठकीचा आहे. ब्रिजची ऋण तार थेट कपॅसिटरच्या ऋण टोकावर आणावी आणि तिथून बोर्डाकडे वेगळी तार न्यावी, म्हणजे झटके त्या छोट्या वेटोळ्यातच फिरतात. स्पीकरची परतीची तारही याच टोकावर स्वतंत्र यावी. या आयसीत प्री ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड यांच्या पिना वेगळ्या दिल्या आहेत, त्यामुळे इनपुटचा ग्राउंड प्री ग्राउंडलाच जोडावा. ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या महागड्या केबल इथे काहीही करत नाहीत. अशा तांब्याची वाहकता साध्या तांब्यापेक्षा जास्तीत जास्त टक्काभर अधिक असते, आणि पट्टी सामाईक असेल तर १ अँपिअरचे झटके तिच्यावर जवळपास तेवढेच मिलिव्होल्ट उभे करतील. हमिंग जाते म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थिंगची तार कापण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नये, कारण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन बिघडले तर धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट येतात आणि त्या वेळी फ्यूज उडवणारी तीच तार असते.