आधी वजाबाकी, मग संकल्प

1 जानेवारीच्या पहाटे आकाशात विशेष असं काहीच घडत नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावत असते, आणि आदल्या रात्रीही ती तशीच धावत होती. तिच्या सुमारे 94 कोटी किलोमीटर लांबीच्या कक्षेवर 'वर्ष इथून सुरू' अशी खूण कुठेच नाही. ही तारीख ठरवली माणसाने. रोममध्ये इ.स.पू. 153 पासून कॉन्सल, म्हणजे तिथले सर्वोच्च अधिकारी, या दिवशी पदभार स्वीकारू लागले, तिथून तिचा मान वाढत गेला. इंग्लंडमध्ये तर 1751 सालापर्यंत कायद्याच्या हिशेबात वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं.

पण माणसाने ठरवलेल्या तारखा माणसाच्या मनावर खरोखरच काम करतात. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे नीट दिसलं. लोक गूगलवर 'डाएट' कधी शोधतात, विद्यार्थी विद्यापीठाच्या व्यायामशाळेत कधी जास्त येतात, स्वतःशी लेखी करार करून उद्दिष्ट नोंदवणारे ते कोणत्या दिवशी नोंदवतात, हे त्यांनी तपासलं. आठवड्याची सुरुवात, महिन्याची, वर्षाची, नव्या सत्राची; दर वेळी आकडे वर गेलेले. त्यांचं स्पष्टीकरण असं, की आपण आयुष्याची प्रकरणं पाडतो. नवं प्रकरण सुरू झालं की मागच्या चुका जुन्या 'मी'च्या खात्यावर टाकता येतात, आणि रोजच्या धबडग्यातून मान वर काढून थोडं लांबचं पाहता येतं.

याची दुसरी बाजूही दाई यांनी 2018 मध्ये दाखवली. अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडू हंगामाच्या मध्यात एका लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये गेला की त्याच्या फलंदाजीच्या आकड्यांचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ज्यांचा खेळ आधी खराब चालला होता त्यांना या कोऱ्या पाटीचा फायदा झाला. ज्यांचा चांगला चालला होता त्यांची मात्र घसरण झाली. म्हणून नव्या वर्षात सगळंच बदलायला निघालेल्या माणसाला मी आधी विचारेन, तुमचं काय नीट चाललंय? त्याला हात लावू नका.

संकल्प टिकत नाहीत असं आपण सरसकट म्हणतो. जॉन नॉरक्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 200 संकल्पकर्त्यांचा दोन वर्षं माग ठेवला. पहिल्या आठवड्यात 77 टक्के लोक टिकून होते, दोन वर्षांनी 19 टक्के. पण त्यांचाच 2002 सालचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात बदलाची इच्छा सारखीच असलेले दोन गट होते. संकल्प केलेल्यांपैकी 46 टक्के लोक सहा महिन्यांनंतरही यशस्वी होते. 'करू कधीतरी' म्हणणाऱ्यांत हे प्रमाण फक्त 4 टक्के होतं. म्हणजे ठरवण्यात ताकद आहे. मग गळती कुठे लागते?

मला वाटतं, ती लागते आपण नवा संकल्प काठोकाठ भरलेल्या दिवसात ओततो तिथे. पहाटे उठून व्यायाम, रोज वाचन, नवी भाषा, ध्यान. यातलं प्रत्येक काम चांगलं, पण दिवसाचे तास 24 आणि ते गेल्या वर्षीच संपलेले. काय करणार याची यादी असते, त्यासाठी काय सोडणार याची नसते. हा कुणाच्या आळसाचा दोष नाही. आपल्या विचार करण्याच्या पद्धतीतच तो कल आहे, आणि तो प्रयोगात पकडता आला आहे.

2021 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला हा प्रयोग व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गॅब्रिएल ॲडम्स, लायडी क्लॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. टेबलावर लेगोच्या ठोकळ्यांची एक रचना ठेवलेली. खाली भक्कम चौथरा, त्याच्या एका कोपऱ्यावर एकच ठोकळा, आणि त्या एका ठोकळ्यावर तोललेलं सपाट छप्पर. छपराखाली एक छोटा बाहुला उभा. काम असं, की छपरावर वीट ठेवली तरी ते बाहुल्यावर कोसळता कामा नये. जमलं तर एक डॉलर बक्षीस, मात्र नवा ठोकळा जोडला तर प्रत्येकी 10 सेंट कापले जाणार.

बहुतेकांनी काय केलं? कोपऱ्यात आणखी ठोकळे लावले, टेकू दिले, पैसे घालवले. खरं तर तो कोपऱ्यातला एकुलता ठोकळा काढून टाकला, की छप्पर थेट चौथऱ्यावर बसतं आणि एक सेंटही कापला जात नाही. हा मार्ग 41 टक्के लोकांना सुचला. दुसऱ्या गटाला सूचनेत एवढंच जास्तीचं सांगितलं, की 'ठोकळा काढायला पैसे पडत नाहीत.' तिथे हे प्रमाण 61 टक्क्यांवर गेलं. लोकांना काढून टाकणं नापसंत होतं असं नाही. ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवण करून दिल्याबरोबर आलं.

याच संशोधकांनी एका विद्यापीठाकडे आलेल्या सुधारणेच्या सूचनाही चाळल्या. त्यांतल्या जेमतेम 11 टक्के सूचना काहीतरी बंद करा, कमी करा अशा होत्या. आणि सगळ्यात बोचणारा निष्कर्ष पुढे आहे. उत्तर शोधताना लोकांच्या मनावर मुद्दाम दुसरं ओझं टाकलं, तर वजाबाकीचा मार्ग त्यांना आणखी कमी वेळा दिसला. म्हणजे ज्याचा दिवस सर्वांत जास्त भरलेला, ज्याला काहीतरी कमी करण्याची खरी गरज, त्यालाच ते सुचण्याची शक्यता सर्वांत कमी! हे वाचून मी बराच वेळ थांबून राहिले. दमलेल्या माणसाला 'थोडं सोपं कर ना आयुष्य' असं सहज सांगणारे आपण त्याच्याकडून केवढी अवघड गोष्ट मागत असतो.

हे ओझं मनावर पडतं म्हणजे नेमकं काय होतं? एका क्षणी मनात जागती ठेवता येईल अशी माहिती फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती, 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास खाली आणली. नजरेचंही तसंच आहे. डोळ्यांसमोर अनेक वस्तू एकदम आल्या की मेंदूच्या दृष्टीकेंद्रात त्या एकमेकींशी स्पर्धा करतात आणि एकमेकींचा संदेश दाबतात. पसाऱ्यातून एक गोष्ट वेचून पाहायला मेंदूला खरोखर जादा काम पडतं.

अर्धवट कामांचा पसारा तर डोळ्यांना दिसतही नाही. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या 2011 च्या प्रयोगांत, एखादं काम मनात लटकत ठेवून कादंबरीतला उतारा वाचायला बसलेल्यांच्या वाचनात ते काम सारखं डोकावत राहिलं. ज्यांनी ते कधी आणि कसं करायचं याचा पक्का बेत आधी केला होता, त्यांचं मन शांत राहिलं. काम दोघांचंही झालेलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. वजाबाकी करायची म्हणजे 'हे करणार नाही, ते सोडणार' असे संकल्प करायचे का? इथेच मोठी गफलत होते. स्वीडनमध्ये 1,066 संकल्पकर्त्यांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 'अमुक करेन' असं ठरवणाऱ्यांपैकी 58.9 टक्के लोकांनी वर्षाअखेर स्वतःला यशस्वी मानलं. 'अमुक टाळेन' म्हणणाऱ्यांपैकी 47.1 टक्के लोकांनी. टाळण्याचा संकल्प मागे पडला. मग कमी करायचं की नाही?

करायचं, पण वागण्यातून नव्हे, वाटेतून; म्हणजे मोहाची वस्तूच समोरून हलवायची. हे माझं मत, आणि त्याला आधार देणारा पुरावा जर्मनीतल्या एका अभ्यासात आहे. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 205 प्रौढांकडे आठवडाभर एक यंत्र दिलं. ते दिवसातून अनेकदा वाजायचं आणि विचारायचं, आत्ता कसली इच्छा होतेय, ती आवरावीशी वाटतेय का, आवरली का? ज्यांचा संयम मोठा समजला जातो, ते मोहाशी दिवसभर झुंजत असतील अशी आपली कल्पना. निघालं उलटं. अशा लोकांनी झुंज कमी वेळा दिली होती, कारण मोहाचे प्रसंगच त्यांच्या वाट्याला कमी आले होते. संयम वापरला की टाकीतल्या पाण्यासारखा आटतो, ही गाजलेली कल्पना 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून पडताळली, तेव्हा तो परिणाम शून्याच्या जवळपास निघाला. टाकी मोठी करण्याचा उपदेश सोडून झुंजीचे प्रसंग घटवणं जास्त शहाणपणाचं.

माझ्या उशाशी फोनचा चार्जर असायचा. झोपताना अर्धा तास आणि उठल्यावर अर्धा तास तिथे जायचा. 'झोपताना फोन बघायचा नाही' असं मी कितीदा ठरवलं याची मोजदाद नाही. एका जानेवारीत चार्जर उचलून बाहेरच्या खोलीत लावला आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस पहाटे हात आपोआप उशीकडे जायचा, चाचपडायचा, घड्याळाच्या थंड काचेला लागायचा आणि परत यायचा. हळूहळू जाणं थांबलं. वजाबाकी एकदाच केली होती. 'नाही' म्हणावं लागलं ते फक्त त्या एका संध्याकाळी.

तो चाचपडणारा हात म्हणजेच सवय. एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल यांनी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या वाटेत उंदीर धावताना त्यांच्या मेंदूच्या आत खोल असलेल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशींचे विद्युत संदेश ऐकले. टक असा आवाज व्हायचा, दार उघडायचं, उंदीर निघायचा. वाट नवी असताना या पेशी धावताना सतत बोलत्या असायच्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी बोलू लागल्या, मधे शांतता. अख्खी कृती एका गाठोड्यात बांधली गेली होती, आणि गाठोडं उघडायला तो 'टक' पुरेसा होता. वेंडी वूड यांच्या अभ्यासांत लोकांनी तासातासाला नोंदवलेल्या कृतींपैकी सुमारे 43 टक्के अशाच निघाल्या: जवळजवळ रोज होणाऱ्या, बहुधा त्याच जागी, आणि बऱ्याचदा मन दुसरीकडे असताना. म्हणून खूण हलवली की सवय निराधार होते. घर किंवा गाव बदलल्यावर जुन्या सवयी सुटतात त्या यामुळेच.

जागा मोकळी झाली की तिथे नवं काहीतरी बसवता येतं, आणि बसवायलाही खूणच लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची पद्धत साधी आहे: 'अमुक झालं, की मी तमुक करेन.' 'जास्त व्यायाम करेन' हा निश्चय झाला. 'सोमवारी काम संपवून बाहेर पडलो की थेट मैदानावर जाईन' हा बेत. इंग्लंडमधल्या 2002 च्या एका अभ्यासात, व्यायामाचा दिवस, वेळ आणि जागा लिहून काढणाऱ्यांपैकी 91 टक्के लोकांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. हृदयविकाराबद्दलची माहिती वाचून ज्यांची फक्त प्रेरणा वाढवली होती, त्यांच्यात हे प्रमाण 35 टक्के होतं. एवढी तफावत कागदावरच्या एका वाक्याने पडली.

निवडतानाही एक गोष्ट पाहावी. वूली आणि फिशबाख यांना असं दिसलं, की जानेवारीत केलेला संकल्प पुढे टिकला तो ती कृती करतानाच आनंद वाटणाऱ्यांचा. दूरचं फळ किती मोठं आहे यावरून टिकण्याचा अंदाज लागला नाही. पळणं आवडत नसेल तर पोहा, नाचा, चाला.

सवय 21 दिवसांत लागते असं छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. यातला 'किमान' पुढे गळून पडला, चेहराही गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांना 12 आठवडे रोजच्या ठरलेल्या खुणेला जोडून एकेक छोटी कृती करायला लावली. कृती आपोआप होऊ लागायला लागलेला मध्यक काळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला अंदाजी फरक 18 ते 254 दिवस. वाढ सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं.

लीप वर्ष नसेल, तर 1 जानेवारीपासून मोजलेला 18वा दिवस 18 जानेवारीला येतो, 66वा 7 मार्चला, आणि 254वा 11 सप्टेंबरला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात 'माझ्याच्याने होत नाही' म्हणून जो थांबतो, तो कदाचित सप्टेंबरवाला असतो.