‘पडीक’ कुणाला म्हणायचं? सोलापूरच्या माळाची पार्श्वभूमी

सोलापूर म्हटलं की काळी माती आणि मालदांडी ज्वारी, ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथं विषय हलक्या रानांचा आहे. नन्नज, मार्डीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो, पाणी थांबत नाही. अशा रानात बाजरी, हुलगा, मटकी व्हायची. दुष्काळ पडत गेले, पोरं पुण्याला कामाला गेली, आणि यातली काही रानं पेरायचीच थांबली.

नांगर थांबला की आधी एकदांडी, हराळी, गाजरगवत येतं. मग कुसळी, आणि जास्त चराई नसेल तर बऱ्याच वर्षांनी पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं. पवन्याचा एक ठोंब उपटून बघा, मुळांना चिकटलेली माती काळपट आणि रवाळ असते, शेजारच्या उघड्या जागेवरची मात्र चिमटीत धरली तर भुरभुरून जाते. नांगरटीनं हवेत गेलेला कर्ब (कार्बन) ही मुळं परत जमिनीत भरत असतात, पण लई सावकाश. अमेरिकेत मिनेसोटातल्या वाळूच्या जमिनीवर सोडून दिलेली शेतं मोजली, तर 91 वर्षांनीसुद्धा वनस्पतींची विविधता कधीच न नांगरलेल्या रानाच्या तीन चतुर्थांशच होती आणि उत्पादन जेमतेम निम्मं.

आता खरा घोळ शब्दाचा. सरकारी हिशोबात यंदा पेरलं नाही तर चालू पड, एक ते पाच वर्षं झाली तर इतर पड, आणि पाचाच्या पुढं गेलं की ‘लागवडयोग्य पडीक’. म्हणजे पवन्या यायची वेळ होते तेव्हाच कागदावर जमीन वाया गेलेली ठरते! गाव नमुना 12 ला, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीत, तलाठी ‘गवतपड’ लिहितात, तेही ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ या रकान्यात. मेंढपाळाला विचारा, तो त्याच तुकड्याला कुरण म्हणेल आणि माझ्या मते तोच बरोबर आहे.

या एका शब्दामुळं बरंच बिघडलं. 1985 पासून देशभर पडीक जमीन विकासाची मोहीम चालली, त्यात हिरवं करायचं म्हणजे झाडं लावायची एवढंच धरलं गेलं. माळावर चर खोदले, गिरिपुष्पाची झाडं लावली. चर खोदताना वर आलेला मुरूम गवतावर पसरला की तिथली माती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. गंमत नाही ही, कारण याच माळासाठी 1979 ला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य झालं होतं, 8,496 चौरस किलोमीटरचं, ज्यात लोकांची खाजगी शेतंही आली, खरेदी-विक्रीला अडचणी झाल्या आणि माळ म्हटलं की लोक चिडायला लागले, तो राग समजण्यासारखाच होता. पुढं क्षेत्र 1,222 वर आणलं. पण हद्दीवर एवढी वर्षं भांडण चाललं त्यात नव्यानं गवत आलेल्या जुन्या रानांचं काय करायचं हे कुणी विचारलंच नाही. ती बाहेर राहिली, आणि सातबाऱ्यावर अजून पडच आहेत.