फासे वर्गात कसे आले

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांच्या १७७७ सालच्या एका निबंधात एका मुलाचा ओझरता उल्लेख येतो. बुफाँनी त्याच्याकडून नाणं उडवून घेतलं. छापा पडेपर्यंत उडवत राहायचं, पडला की डाव संपला. असे २०४८ डाव झाले. त्यांतले १०६१ पहिल्याच फेकीत संपले, ४९४ दुसऱ्या फेकीत आणि २३२ तिसऱ्या. हिशेबाप्रमाणे हे आकडे १०२४, ५१२ आणि २५६ यायला हवे होते, म्हणजे मुलाचं काम चोख होतं. पण त्या मुलाला काही शिकवावं हा बुफाँचा हेतू नव्हताच. त्यांना फक्त आकडे हवे होते आणि मुलाचे हात कामाला आले. आज प्राथमिक वर्गात नाणी, फासे आणि मण्यांच्या पिशव्या येतात तेव्हा आकड्यांसाठी कोणी अडलेलं नसतं. संभाव्यतेबद्दल, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती याबद्दल, मूल काय समजून बसलंय, हे बघायचं असतं. ही अदलाबदल व्हायला जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

इतका उशीर का झाला? एक कारण म्हणजे विषयाचं कूळ. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचं गणित आकाराला आलं, ते अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातले पैसे कसे वाटायचे या प्रश्नावरून. पुढची प्रगतीही बीजगणिताच्या वाटेने झाली. शाळेत हा विषय आलाच तर वरच्या इयत्तांत, सूत्रं घेऊन आला.

दुसरं कारण अधिक रंजक आहे: या विषयात मोठमोठे लोकही घसरतात. १७५४ साली फ्रेंच गणिती दालांबेर यांनी फ्रेंच विश्वकोशात नाणेफेकीवर लिहिलं. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची शक्यता किती? त्यांचं म्हणणं असं, की पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ तिथेच संपतो; मग शक्यता उरतात तीन, त्यांतल्या दोन आपल्या बाजूच्या, म्हणून दोन तृतीयांश. खरं उत्तर तीन चतुर्थांश. त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत, हे त्यांनी धरलं नाही. दोन नाणी एकदम उडवणारी मुलं आजही असंच म्हणतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक, म्हणजे तिघांनाही सारखीच संधी. नाणी शंभरेक वेळा उडवून वर्गाने फळ्यावर नोंद केली, की ‘एकेक’चा रकाना साधारण दुप्पट भरलेला दिसतो. मग कोणीतरी विचारतं, असं का? तास खरा तिथे सुरू होतो.

मुलाच्या डोक्यात डोकावण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर या स्विस मानसशास्त्रज्ञांचा. त्यांचं पुस्तक १९५१ सालचं. त्यांच्या एका प्रयोगात डुगडुगणाऱ्या पेटीत एका बाजूला तांबडे आणि दुसऱ्या बाजूला पांढरे गोळे होते. पेटी कलली की गोळे मिसळत. लहान मुलांना वाटे, आणखी थोडं हलवलं की सगळे आपापल्या जागी परत जातील. सरमिसळ परत फिरत नाही, ही समज वयाबरोबर येते. आणि शक्यतांचं पद्धतशीर मोजमाप अकरा-बारा वर्षांच्या आसपास जमू लागतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. निरीक्षणं अप्रतिम आहेत. पण मूल शिकवल्यावर काय करील, हा प्रश्न त्यांनी फारसा विचारलाच नाही.

तो मानसशास्त्रज्ञ एफ्राइम फिशबाइन यांनी विचारला. १९७० साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी दाखवलं, की थोडंसं शिकवल्यावर नऊ-दहा वर्षांची मुलं ‘कोणत्या खोक्यातून हवा तो रंग येण्याची शक्यता जास्त’ हे ठरवण्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांची बरोबरी करतात. प्राथमिक वर्गात संभाव्यता शिकवता येते, या म्हणण्याला इथे पाया मिळाला.

प्रत्यक्ष वर्गातलं काम हंगेरीत गणितशिक्षणतज्ज्ञ तमाश वर्गा यांनी साठच्या दशकातच सुरू केलं होतं. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक खेळ मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत हुशार वाटतो. अर्ध्या मुलांनी खरंच नाणं उडवून छापा-काट्याची ओळ लिहायची. उरलेल्यांनी नाणं न उडवता, मनानेच. मग शिक्षकाने कागद बघून खरे-खोटे ओळखायचे. युक्ती सोपी आहे. मनाने लिहिणारं मूल सलग चार-पाच छापे लिहायला बिचकतं. खऱ्या नाण्याला ती भीड नसते. शंभर फेकींत एकच बाजू निदान पाच वेळा सलग येण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के आहे. आपण पकडले कसे गेलो, हे विचारताना मुलं योगायोगाबद्दलची स्वतःचीच समजूत तपासू लागतात. हंगेरीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९७८ साली ही पद्धत आली.

अमेरिकेत गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८९ साली प्राथमिक इयत्तांसाठीही संभाव्यता सुचवली आणि फासे व फिरक्या पाठ्यपुस्तकांत शिरल्या. त्यात एक खोट होती, आणि ती अजूनही दिसते: दहा फेकी करा, तक्ता भरा, पुढचं पान. दहा फेकींत सहाचा आकडा एकदाही न येणं अगदी शक्य आहे, सुमारे सोळा टक्के. तेवढ्यावर थांबलेलं मूल ‘सहा पडणं अवघड असतं’ ही घरून आणलेली समजूत पक्की करूनच घरी जातं. सगळ्या वर्गाच्या फेकी एकत्र केल्याशिवाय आणि आधी अंदाज लिहून घेतल्याशिवाय हा उपक्रम निव्वळ खडखडाट आहे. (फाशाखाली जाड कापड घातलं तर तोही कमी होतो.)

पुढे वारं फिरलं. २०१० सालच्या अमेरिकी सामायिक शालेय मानकांनी संभाव्यता सातवीत नेली. इंग्लंडने २०१४पासून लागू झालेल्या प्राथमिक अभ्यासक्रमातून ती काढली. विषय कमी आणि पक्के असावेत, हा त्यामागचा सर्वसाधारण विचार होता. ते काही अगदीच चुकीचं नाही, कारण अपूर्णांक कच्चे असताना शक्यतेला आकडा देणं कठीणच जातं. पण वय वाढलं की समजुती आपोआप सुधारतात, हे मात्र गृहीत धरता येत नाही. फिशबाइन आणि श्नार्च यांनी १९९७ साली पाचवीपासून वरच्या विद्यार्थ्यांना तपासलं, तेव्हा काही चुका वयाबरोबर कमी झाल्या. नमुना लहान की मोठा, म्हणजे फेकी थोड्या की पुष्कळ, याकडे दुर्लक्ष करण्याची चूक मात्र वाढत गेलेली आढळली.