तिखट ही चव नाही

चटणी चाखून कुणीतरी म्हणतं, ‘चव नाही आली, अजून तिखट घाला.’ शेंगाचटणीच्या सोलापुरात हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मुलांना चवी मोजायला सांगा, गोड-आंबट-खारट-कडूच्या पाठोपाठ तिखट ठरलेलंच. पण तिखट हे चवीच्या यादीत बसतच नाही, आणि हे समजलं की ताटातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

चवीचं थोडक्यात सांगतो, ते तुम्हाला माहीतच आहे. पदार्थ लाळेत विरघळतो, स्वादकलिकांमधल्या पेशी तो ओळखतात आणि निरोप मेंदूकडे जातो. गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी दाखवून दिलेली उमामी, म्हणजे रश्श्यासारखी रुचकर चव, अशा या पाच. जिभेच्या शेंड्याला गोड आणि मागे कडू, असा नकाशा अजूनही काढून दाखवतात. तो चूक आहे. पाचही चवी जिभेवर जिथे जिथे स्वादकलिका आहेत, तिथे तिथे कळतात.

आता तिखट. मिरची चिरलेला हात चुकून डोळ्याला लागला की काय होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोळ्यात स्वादकलिका नसतात, तरी डोळा झोंबतो. साखरेचा हात लागला तर डोळ्याला गोड लागत नाही. तिखट ही चव असती तर ते फक्त तोंडातच कळलं असतं. डोळा, नाक, ओठ, नखाजवळची सोललेली कातडी, सगळीकडे ते कळतं, कारण ते ओळखणारे चेतातंतू वेगळे आहेत. चटका आणि वेदना कळवणारे ते तंतू. चेहरा आणि तोंडाकडून हा निरोप पाचव्या मस्तिष्क चेतातंतूवाटे (मेंदूला थेट जोडलेल्या चेतातंतूंपैकी पाचव्या) जातो. चवीचे तंतू सातवे, नववे आणि दहावे.

या तंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असतं, दारासारखं. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं, तेही उष्णता नसताना. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं, त्यामागे हेच काम होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या आसपास जातो तेव्हा अंगाला घाम फुटतो. झणझणीत घासानंतर कपाळावर येणारा घाम त्याच जातीचा. मेंदू अंग गार करायला लागलेला असतो.

तिखट खाल्ल्यावर लगेच गरम चहा घेऊ नये, तो जास्तच पोळतो. कॅप्सेसिन लागलेलं दार कमी तापमानालाही उघडतं, म्हणून एरवी सोसवणारा चहा चटका देतो. ठसका लागलेल्याला ‘पाणी पी’ म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गार पाण्यानं घटकाभर बरं वाटतं, मग आग परत येते. दूध किंवा दही द्या, त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही ही आपली जुनी जोडी त्यामुळेच इतकी जमते.

‘आयुर्वेदात सहा रस सांगितलेत, त्यात तिखट आहेच’ असं कुणी म्हणेल. आहे, पण त्याचं नाव कटू. आपण कडू म्हणतो तो तिथे तिक्त. आणि त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. मिरची त्यात असणं शक्यच नव्हतं, ती पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली. शिवाय ते वर्गीकरण पदार्थाच्या शरीरावरच्या गुणांचाही विचार करतं. जिभेवर कोणती पेशी काय ओळखते, हा निराळा प्रश्न आहे. तुरटपणाही असाच बहुतेक स्पर्शाच्या बाजूला जातो, पुदिन्याचा गारवाही.

रोज तिखट खाणाऱ्याला ते कमी झोंबतं, कारण दाहाचे तंतू सवयीनं बोथट होतात. मग पुन्हा चमचाभर वाढवलं जातं आणि दाण्यांचा खमंगपणा त्या आगीखाली दबतो. माझ्या मते उखळात कुटलेल्या, तेल सुटलेल्या चटणीचा हा अपमान आहे. चव आली नाही असं वाटलं तर आधी मीठ बघा, लसणाची पाकळी वाढवा, पुढच्या खेपेला दाणे मंद आचेवर आणखी थोडे भाजा. तिखटाच्या डब्याकडे त्यानंतर वळा.